कंपाउंडरचं काम

शुक्रवारी सकाळच्या खेळाला आम्ही जेमतेम सात प्रेक्षक होतो. सिनेमा रटाळ होता, म्हणून मी अंधारातच वहीत परीक्षणाची वाक्यं जुळवत होतो. मध्येच पुढच्या रांगेतल्या एक बाई उठून उभ्या राहिल्या. शेजारच्या गृहस्थांनी त्यांना हात धरून खाली बसवलं.

मध्यंतरात ते दोघं माझ्याजवळ आले. गृहस्थांनी विचारलं,

"पेपरात लिहिता ना तुम्ही? दवाखान्याच्या प्रसंगातला कंपाउंडर आमचा मुलगा. शूटिंग संपलं आणि महिन्याभरात अपघातात गेला. कसं वाटलं त्याचं काम?"

मला कंपाउंडर आठवेना. तेव्हा माझं डोकं वहीत होतं.

"चांगलं केलंय," मी म्हणालो.

बाईंनी विचारलं, "आवाज त्याचाच होता ना हो? मला परका वाटला."

"त्याचाच होता," मी ठोकून दिलं. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. डबिंगच्या आधीच मुलगा गेला होता; आवाज दुसऱ्याचा आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

पाहणं हाच माझा धंदा. वाक्य जुळवताना किती चेहरे समोरून निघून गेले असतील, कुणास ठाऊक. तरी संध्याकाळी घाई होती, म्हणून वहीतली वाक्यं मी तशीच पाठवली.

दुसऱ्या दिवशी तिकीट काढून पुन्हा गेलो. कंपाउंडर आला, म्हाताऱ्या पेशंटचा दंड हलकेच पुसला, सुई टोचताना स्वतःच डोळे किंचित मिटले. फार सुंदर काम होतं. माझं परीक्षण सकाळीच छापून आलं होतं. त्यात लिहिलं होतं, 'इतर कलाकारांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.'