आप्पांच्या दोरीच्या गाठी

सदा, ये, जवळ बस. कागदावरून बोलतेय म्हणून लांब राहू नकोस. आप्पांच्या तेराव्याला आलास, जेवलास, आणि हात वाळायच्या आत म्हणालास, "आत्या, हत्यारं विकून टाकू. लाकडी माग आता कोण करून घेतंय?" आणि हुबळीची गाडी धरलीस. सख्खा नातू तू, करवत धरायला त्यांनीच शिकवलं, एकदा तरी कामाच्या पडवीत डोकवायचं होतंस. आता दीड महिना झालाय, आता ऐक.

आप्पा, माझे वडील, सोलापुरात विणकरांचे हातमाग बनवायचे. शिंपी अंगरख्याचं घेतो तसं ते मागासाठी माणसाचं माप घ्यायचे. मेण चोळलेली एक दोरी, तिला कमरेची, गुडघ्याची, टाचेची अशा गाठी, आणि शेंड्याला त्या माणसाच्या नावाचं अक्षर कोरलेली ढलपी. मी शाळा पाहिली नाही. अक्षरं शिकले ती त्या ढलप्यांवरून.

मोठी लढाई संपून दोनेक वर्षं झाली असतील. राजम्माचा नवरा, आप्पांनी केलेल्या मागावर विणायचा, तापानं गेला. घरात तेलुगू बोलणारी बाई, पदरात दोन मुली. दीर म्हणाले, माग विकू, बाईनं दुसऱ्यांसाठी सुताच्या कांड्या भराव्यात. ती आमच्या दारात येऊन उभी राहिली. "मिस्त्री, माग त्याच्या मापाचा. माझा पाय खाली पावडीला पोचत नाही."

आप्पांनी रंधा बाजूला ठेवला. "तू कशाला पाय ताणतीस? माग वरखाली करायचं काम माजं हाय."

पण परक्या बाईचं माप त्यांनी कसं घ्यावं? दोरी देऊन मला पाठवलं. ती लाजली, मीही लाजले. तिला भिंतीशी उभी केली, भराभर गाठी मारल्या आणि आले. त्या गाठींवरून आप्पांनी तिचा माग नव्यानं बांधून दिला.

आप्पांची एक रीत होती. नव्या मागापाशी आठव्या दिवशी जाऊन बसायचं, बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. राजम्माकडं मीही गेले. आडव्या सुताचा धोटा इकडून तिकडं जायचा आणि मधेच आवाज अडखळायचा... आप्पांनी माझ्याकडं बघितलं.

"उभ्याचं माप घेतलंस व्हय?"

"व्हय."

"अगं, माणूस हुबं राहून इणतंय का?"

राजम्माची मांडी सुजली होती. आठ दिवस तिनं अवाक्षर काढलं नव्हतं, कारण माग विकायला दीर टपूनच होते. थोरला दारातनं म्हणालाच, "बगा, बाईच्यानं हुतंय का हे?"

"तिच्यानं हुतंय की," आप्पा उठत म्हणाले. "चूक माज्या दोरीची हाय."

माझं नाव घेतलं नाही त्यांनी. दोन दिवस खपून माग सोडला, पुन्हा बांधला. या खेपेला मी राजम्माला बसवलं, धोटा हातात दिला, मग गाठी मारल्या. दोन्ही मुलींची लग्नं तिनं त्याच मागावर केली. बायकांची मापं तेव्हापासून माझ्याकडं. शेवटी आप्पांची नजर गेली, तरी जुन्या दोऱ्या चाचपून सांगायचे, ही अमकी, ही तमकी...

तर हत्यारं विकायची नाहीत. रंधे-पटाश्यांना मी तेल लावून ठेवलंय. परवा राजम्माची धाकटी आली, तिला स्वतःचा माग हवाय. बसवून माप घेतलं तिचं. दोरी आप्पांच्या खुंटीला टांगलीय, ढलपीवर अक्षर मी कोरलंय, जरा वाकडं आलंय. गाठी मात्र बरोबर आहेत. लाकूड कापायला तू ये, दसऱ्याच्या आत. आणि या खेपेला परतीची गाडी ठरवून येऊ नकोस.