कोरड्या नळापाशी छत्तीस फोटो

१८ मार्च १९८६, मंगळवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. घाटकोपरच्या टेकडीवरील वस्तीतून आलेला रोल मी धुतला होता आणि त्याची ओली कॉन्टॅक्ट शीट हातात होती. कॉन्टॅक्ट शीट म्हणजे रोलमधील सर्व फोटो, काढलेल्या क्रमाने, एकाच कागदावर तिकिटाएवढे छापलेले.

मी एका सामाजिक संस्थेचा फोटोग्राफर होतो. वस्तीतील बायकांना कॅमेरा देऊन सांगितले होते, "पाण्याचे हाल तुम्हीच टिपा." त्याच दुपारी त्यांचे नाटुकले आणि फोटोंचे प्रदर्शन होते. पालिकेचे इंजिनियर येणार होते. त्यांना पटले तर वस्तीला दुसरा नळ. न पटले तर विषय पावसाळ्यानंतर.

छत्तीस फोटो. प्रत्येकात नळापाशी बाई उभी; ठेवणीतली साडी, केसांत गजरा, कमरेवर घासलेला हंडा.

"हे हाल आहेत की हळदीकुंकू?" आमच्या संचालिका मॅडमनी विचारले.

वस्तीत पोचताच मी सुनंदाबाईंना जाब विचारला. त्या मूळच्या मालवणकडच्या. नाटुकल्यात त्या इंजिनियर होत्या, म्हणून नवऱ्याची पँट घालून बसल्या होत्या.

"फोटो काढूचो तो फाटक्या साडयेत?" त्या म्हणाल्या. "मी काय खुळी आसंय?"

वेळ उरला नव्हता. मोठे करून आणलेले तेच फोटो लावले.

तीन वाजता खेळ सुरू झाला. सुनंदाबाई कानावर पेन्सिल खोचून म्हणाल्या, "पाणी सोडलेलं आहे. आलं नाही, ही नळाची वैयक्तिक बाब आहे." वस्ती हसली. खरे इंजिनियर हसले नाहीत. ते उठून फोटोंपाशी गेले.

"त्रास कुठे दिसतोय? हंडे तर चकचकीत आहेत."

"भरलेच नाहीत, तर चकाकणारच ना," सुनंदाबाई पँटमध्येच पुढे आल्या. "एका तरी फोटोत नळातून थेंब पडताना दाखवा, साहेब."

"त्या घटकेला पाणी गेलं असेल."

"पहिला फोटो माझा, शेवटचाही माझा. पहिल्यात गजरा ताजा, शेवटच्यात सुकलेला. दिवसभर आम्ही तिथंच, आणि नळ असाच."

मी कॉन्टॅक्ट शीट आणि भिंग पुढे केले. साहेबांनी छत्तीसही चौकटी क्रमाने तपासल्या. मग फाइल मागवून तिच्यावर पाहणीचा शेरा लिहिला. मे महिन्यात दुसरा नळ बसला.

मी पंधरा वर्षे चेहऱ्यांवर फोकस करीत आलो होतो. नळ मला दिसला नाही. कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्यावा, तर फोटोही त्याच्याकडूनच वाचून घ्यावा.

त्या संध्याकाळी छत्तीसही फोटो पोस्टकार्ड आकारात पुन्हा छापले आणि दोरीवर वाळत घातले. बायकांना ते घरात लावायचे होते.