चूक अजून सापडली नाही

इंदूताई गेल्याची बातमी आली तेव्हा मी ती सरळ खोटी धरली. कॉलेजच्या ग्रुपवर तिचा फोटो, खाली जोडलेले हात, आणि मग पाठोपाठ हात जोडणाऱ्यांची रांग. असल्या ग्रुपवर जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिलेली मी पाहिली आहे. शिवाय थोड्याच दिवसांपूर्वी ती मला नंदुरबारच्या बसस्टँडवर भेटली होती, सुरतच्या गाडीची वाट पाहत. 'डोळे दाखवायला जाते,' म्हणाली होती... आता डोळ्यांनी कुणी मरतं का? मी तिच्याच नंबरवर फोन लावला. तो उचलला गेला, तेव्हा 'बघा!' असं मी मनाशी म्हणालोसुद्धा. पण आवाज तिच्या भाच्याचा होता. "काका, फुई गयी," तो म्हणाला. आत्याला त्यांच्याकडे फुई म्हणतात. आणि मी काय विचारावं? "तुले कोनी सांगं?" दवाखान्यात आत्याच्या उशाशी उभ्या असलेल्या माणसाला कुणी असं विचारतं का! तो रडायला लागला, तेव्हा कुठे मला खरं मानावं लागलं.

मी हाडाचा संशयी माणूस. गाव कोरीट, पण आयुष्य गेलं ते नंदुरबारच्या कॉलेजच्या परीक्षा विभागात, कॉप्या पकडण्यात. पेपर चालू असताना पाणी मागणारा विद्यार्थी मला तहानलेला कधी वाटलाच नाही. आमच्या कॉलेजला जोडून पुढे कम्युनिटी कॉलेज निघालं. शिक्षण मध्येच सुटलेल्या, कामाधंद्याला लागलेल्या, लग्न होऊन गेलेल्या पोरापोरींसाठी छोटे अभ्यासक्रम. ते वर्ग मोबाइलवर घ्यायचे ठरले तेव्हा सगळ्यात आधी नाक मी मुरडलं. पडद्यावर नावांचे चौकोन, कॅमेरा बंद, माईक बंद. हजेरी लागते, पण पलीकडे माणूस आहे की दावणीची म्हैस, हे कोण सांगणार? मला वाटलं होतं इंदूताई माझ्या बाजूनं बोलेल, कारण अख्ख्या स्टाफरूममध्ये माझ्यापेक्षा संशयी माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे ती. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याची मुलगी, केळीच्या बागेत वाढलेली, कम्युनिटी कॉलेजात 'माती आणि पाणी' हा विषय शिकवणारी. नोटीस लागली की मजकुराआधी खालची सही वाचायची. फुकट मिळालेल्या गोष्टीला तर हातच लावायची नाही. आणि या बाईनं ऑनलाइन वर्गांची जबाबदारी आपण होऊन मागून घेतली!

मला अर्थातच वास आला. बढती असेल, नाहीतर संस्थेत कुणाला खूश करायचं असेल. मी तोंडावरच विचारलं, "काय मिळी ऱ्हायनं तुले ह्यामा?" ती चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहत राहिली. आमचं बोलणं एकटे असलो की अहिराणीतच व्हायचं, चारचौघांत मात्र सर आणि मॅडम. "पलीकडे कोन्ही शे का नही, हाई माले बी माहीत नही," ती म्हणाली, "तेच तं देखनं शे." तिला म्हणे तेच पाहायचं होतं. मला ते उत्तर पटलं नाही. पण असं उत्तर फक्त तीच देऊ शकत होती, एवढं मात्र तेव्हाही कळलं.

मग तिचं सुरू झालं. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला तिनं सांगितलं, आपल्या वावरातली, वावर नसेल तर दारातली माती बरणीत भरून आणा. अर्जावर लिहिलेल्या गावावर तिचा विश्वास नव्हता. माती पाहून ती गाव ओळखायची आणि वर स्वतः एसटीनं जाऊन खात्री करून यायची. सातपुड्यातल्या काठी गावाकडे गेली तेव्हा रेंजसाठी टेकडीवर चढून बसणाऱ्या सायसिंग या विद्यार्थ्याच्या मागोमाग तीही टेकडी चढली, आणि वर बसून तिनं माझ्याशी फोनवर दहा वेळा 'ऐकू येतंय का' केलं. ग्रामसभांत, बचत गटांत, होळीच्या आधीच्या बाजारात उभी राहून ती ऑनलाइन वर्गाचं सांगायची. सांगण्यात गोडवा मुळीच नसायचा. "मोबाइलवर शिकवतात ते सगळंच खरं नसतं," असं म्हणूनच ती सुरुवात करायची, आणि का कोण जाणे, लोकांना ती बाई भरवशाची वाटायची. त्या साऱ्या बरण्या तिनं घरातल्या फळीवर मांडल्या होत्या, लाल, काळी, भुरकट, खारवट चोपण. वर्ग घ्यायची ती त्या फळीपुढे बसून.

विसरवाडीची रंजना तिच्या पहिल्या तुकडीतली. महामार्गाच्या चौफुलीवर नवऱ्याचं टायरचं दुकान, आणि ही तिथंच मागे बसून वर्गाला हजर राहायची. सासूला हे पसंत नव्हतं. सून तासभर फोनला कान लावून कुणाशी बोलते, हा तिचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर तो मला योग्यच वाटला होता. इंदूताईनं सासूशी वाद घातला नाही. "फोन मोठ्या आवाजात ठेवा आणि तुम्हीही बसा," म्हणाली. वर्ग दर सोमवारी असायचा; त्या सोमवारी मी इंदूताईच्या घरी होतो, वर्ग कसा चालतो ते पाहायला, म्हणजे खरं तर पकडायला. शिकवता शिकवता इंदूताई शांतपणे म्हणाली, "काळ्या जमिनीतून पाणी झटकन निचरतं, म्हणून ती लवकर कोरडी होते." मी दचकलो. तिनं चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसली. पलीकडे सगळं सामसूम. मग एकदम एक माईक उघडला, ट्रकचा हॉर्न घरात शिरला आणि त्यावरून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला, "ओ बाई, काय सांगी ऱ्हायनी तू? काळी जमीन पानी धरीसन ऱ्हास! कधी वावर देखेल शे का?" ती रंजनाची सासू होती. इंदूताईनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं. इतकं खूश मी तिला पुढे तिच्या निवृत्तीच्या सत्कारातसुद्धा पाहिलं नाही.

तेव्हापासून तो नेमच झाला, निवृत्तीनंतरही चालू राहिलेला. प्रत्येक धड्यात एक चूक, मुद्दाम पेरलेली. तापी पूर्वेला वाहते. उतारावर नांगरट वरून खाली करावी. ज्याला चूक सापडेल त्यानं वर्गाच्या ग्रुपवर आपल्या आवाजात सांगायचं, आणि चूक सापडली की धडा संपला, तोवर पुढचा सुरू व्हायचा नाही. धडा ती रेकॉर्ड करून ठेवायची, म्हणजे दिवसा कामावर असणाऱ्यांना नंतर ऐकता यावा. चूक करून झाली की चष्मा काढून पुसायची, डोळ्यांतलं हसू कुणाला दिसू नये म्हणून. ही खूण फक्त मला ठाऊक आहे असं मी समजत होतो. माझा संशय तरी संपला नव्हता. मी म्हटलं, एक जण शोधत असेल आणि बाकीचे त्याचं उत्तर उतरवून काढत असतील, मी काय कॉप्या पाहिल्या नाहीत? तिनं मला ग्रुपवरचे आवाज ऐकवले. कुणामागे पिठाची गिरणी, कुणामागे टेकडीवरचा वारा, कुणामागे मिरची वाळवायच्या पथारीवरच्या बायका, कुणामागे कोंबडी. "उत्तर चोरता येस," ती म्हणाली, "पन मांगनी कोंबडी कशी चोरशी?" आणि त्याच दिवशी तिनं मला त्या ग्रुपात घालून टाकलं. मी तिथं कधी एक शब्द लिहिला नाही, नुसती पाळत ठेवली.

ती गेल्यानंतर काही आठवड्यांनी प्राचार्यांनी मला बोलावलं. तपासणीची समिती येणार होती, आणि ऑनलाइन धड्यांची पाहणी करताना एका नव्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं होतं की मॅडमच्या जवळजवळ प्रत्येक धड्यात ढोबळ चूक आहे. "तापी पूर्वेला वाहते म्हणतात हो," प्राचार्य खालच्या आवाजात म्हणाले. "शेवटी शेवटी आजाराचा डोक्यावर परिणाम झाला असणार. बिचाऱ्या... आपण गाजावाजा न करता सगळे धडे काढून टाकू. त्यांचंच नाव राहील." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं नाव राहावं म्हणून तिचं शिकवणं पुसायचं, आणि गावभर कुजबूज ठेवायची की बाईचं डोकं फिरलं होतं! मी सांगितलं, चुका मुद्दाम केलेल्या आहेत. त्यांनी मान तिरकी केली आणि मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना विचारत आलो तेच मला विचारलं, "कशावरून?"

मी रंजनाला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती विसरवाडीहून आली, सासूला घेऊनच. प्राचार्यांच्या टेबलावर तिनं फोन ठेवला आणि एकेक धडा, मग त्याचं एकेक उत्तर असं लावत गेली. सायसिंगचा आवाज आला, "मॅडम, असं नांगरलं तर पहिल्या पावसात आमची माती खाली गुजरातेत जाईल!" सासूचा 'वावर देखेल शे का' आला तेव्हा सासू पदर तोंडाला लावून बसली. प्राचार्य आधी घड्याळ पाहत होते, मग पाहिनासे झाले. शेवटी म्हणाले, धडे राहू द्या, प्रत्येकाखाली ही उत्तरंही जोडा. मी सुटकेचा निःश्वास टाकतो तोच त्यांनी विचारलं, "या शेवटच्या धड्याला उत्तर दिसत नाही?" रंजनानं फोन त्यांच्याकडे सरकवला. त्या धड्याखाली दर सोमवारी एकेकाचा एकच मजकूर होता : 'चूक अजून सापडली नाही. शोधतोय.' "म्हणजे एवढा तरी बिनचूक आहे," प्राचार्य समाधानानं म्हणाले.

माझं नाक पुन्हा जागं झालं. इतक्या पोरांनी शब्दाला शब्द तेच लिहायचं? ही तर उघड कॉपी. बाई गेली आणि ऐकणं बंद झालं, आता नुसतं उतरवताहेत... मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. घरी येऊन मी तो धडा लावला. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात त्याबद्दलचा. एकेक वाक्य तपासलं, सगळं बरोबर. पुन्हा लावला तेव्हा दिसलं की तिच्या मागची फळी रिकामी आहे. एकही बरणी नाही. मी रंजनाला विचारलं. ती म्हणाली, "मॅडमनी ज्याची त्याला माती परत पाठवली होती सर. झाकणं सैल झालीत म्हणाल्या. जिथली आहे तिथं टाका म्हणाल्या." इंदूताईच्या घरातलं झाकण सैल! मी तिला ओळखत नसतो तर पटलंही असतं.

मग मी धडा अगदी शेवटपर्यंत ऐकला, जिथं शिकवणं संपतं आणि सगळे फोन बंद करतात तिथपर्यंत. इंदूताई सरळ कॅमेऱ्यात पाहत म्हणते, "पुढच्या सोमवारी आपण विहिरीच्या पाण्याकडे वळू. मी आहेच." आणि चष्मा काढते. पदरानं पुसते, नेहमीपेक्षा बराच वेळ... तो धडा ती सुरतला जायच्या आदल्या दिवशीचा आहे. तिला माहीत होतं, आपण परत येणार नाही ते. मला बसस्टँडवर डोळ्यांचं सांगून, माझ्याकडून शेंगदाण्याची पुडी घेऊन, खिडकीतून हात हलवत ती गेली तेव्हा तिला सगळं माहीत होतं. मला, मला फसवलं बाईनं! मी त्या दिवशी तिच्यावर मनसोक्त चिडलो, आणि मग रडलो.

शांत झाल्यावर रंजनाला फोन लावला. मागे ट्रकांची घरघर चालू होती. "सापडली," एवढंच म्हणालो.  "आम्हाला पण सापडलीय सर," ती म्हणाली. "सगळ्यांना. सायसिंगला तर पहिल्याच दिवशी. चष्म्यावरून." मी विचारलं, मग ग्रुपवर टाकत का नाही? "चूक सापडली की धडा संपतो ना सर," ती म्हणाली. "मॅडमचाच नियम." मागून सासूचा आवाज आला, "त्यासले सांग, आमी आजून शोधी ऱ्हायनूत." मी फोन ठेवला.

फळी अजून रिकामीच आहे. भाच्यानं तिचं भाड्याचं घर सोडलं की तीही जाईल. पण सोमवार येतो. गिरणीतून, टेकडीवरून, चौफुलीवरून ते एकच वाक्य एकामागून एक येत राहतं. मागच्या सोमवारी मी त्या ग्रुपात पहिल्यांदा लिहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कॉप्या पकडणाऱ्या माणसानं रंजनाचं वाक्य समोर धरलं आणि जसंच्या तसं उतरवून काढलं : चूक अजून सापडली नाही. शोधतोय.