महादेवरावांनी वर केलेला हात

महादेवराव माळीपुऱ्याचे मेंबर होते आणि त्या मेंबरकीला पार कंटाळले होते. सकाळी मळ्यात वांगी तोडायची अन् दुपारी कमिटीत जाऊन दुसऱ्यांची भाषणं ऐकायची, हा काय धंदा झाला? अकोटाकडच्या त्या लहानशा गावाच्या म्युनिसिपालटीत अकरा मेंबर होते. नऊ बोलायचे, दोन ऐकायचे. महादेवराव ऐकणाऱ्यांतले.

मंदीचं साल होतं. कापसाला कोणी विचारत नव्हतं, अर्ध्या जिनिंग बंद पडलेल्या, कर येणार कुठून? अशात मेंबरांपैकीच केशवरावांनी ठराव आणला: कमिटीनं जमेपेक्षा जास्त खर्च कधीच करायचा नाही, कर्ज काढायचं नाही, आणि हे नियमावलीतच लिहून टाकायचं. पुढे बदलायचं म्हटलं तर अकराही जणांचा होकार लागेल. म्हणजे कायमचे पाय बांधून घ्यायचे!

तीन बैठका वाद झाला. व्यापारी म्हणाले, एकदाची उधळपट्टी थांबेल. पूर्वी शाळामास्तर असलेले वामनराव चिडले. "अन् पानीच नाई पडलं, मंग? जमा तवाच आटते, अन् खर्च बी तवाच लागते!"

महादेवरावांना हे आतून पटलं. माळ्याला हे कोणी शिकवावं लागतं का? विहीर तळाला गेली की त्याच साली उसनंपासनं करून ती खोल करायची. पाऊस पडल्यावर खोदून काय करता? माळीपुऱ्याची सरकारी विहीर तशीच तळाला गेली होती आणि ती खोदायला कमिटी कर्ज काढणार होती. ठराव पास झाला की विहिरीचं काम बुडालं.

पाच हात वर गेले, पाच खाली राहिले. सगळे महादेवरावांकडे बघू लागले.

पंचाईत अशी, की केशवराव त्यांचे व्याही. लेक जमुना त्यांच्या घरी दिलेली. मुलीच्या बापानं भर सभेत मुलाच्या बापाला आडवं जायचं? आणि मग पोरीला टोमणे बसले तर? महादेवराव थकले होते. त्यांनी हात वर केला आणि कोणाशी न बोलता घरी आले.

चैत्रात विहीर आटली. बाया मैलभर दूरच्या नाल्यावर जाऊन वाळूत खणलेल्या झिऱ्यातलं पाणी वाटीवाटीनं भरू लागल्या. महादेवरावांना तोंडावर कोणी काही म्हणत नव्हतं, पण त्यांना पाहून बोलणं थांबायचं, आणि ते त्यांना फार लागायचं.

जमुना माहेरी आली, आईबरोबर नाल्यावर गेली, अन् घागर उतरवून सरळ बापासमोर उभी राहिली.

"बाबा, हात काहून वर केला तुमी?"

"तुह्यासाठी, बाई. तुले तिथं नांदायचं हाय."

"मले इचारलं काय? मामंजी त्या दिवशी घरी येऊन कपाळ धरून बसले. व्यापाऱ्यायनं गळ घातली म्हनून ठराव आनला त्यायनं. म्हने, तुहे बाबा, आपले इवाई, माळीपुऱ्याचे हायेत, थे नाईच म्हनतीन, म्हनून मी बिनघोर होतो."

दुसऱ्या दिवशी पागोटं बांधून महादेवराव ठराव बदलायला मेंबरांच्या दारोदार फिरले. स्वतःचा धरून दहा होकार जमले, त्यात केशवरावांचा सगळ्यांत आधी. अकरावा मेंबर सरकी-पेंडीचा व्यापारी. त्यानं चहा पाजला, पाय चेपायला गडी देऊ का विचारलं, आणि नाही म्हणाला.

महादेवराव घरी आले, बायकोच्या हातातली घागर घेतली आणि नाल्याच्या वाटेला लागले.