वखारीतल्या शांताक्का

शिमगा होऊन थोडेच दिवस झाले होते. बेळगावच्या कॅम्पातल्या बाजारातून भाजी घेऊन मी हिंडलग्याच्या बसची वाट बघत उभी होते, तेवढ्यात पद्माचा फोन आला. पद्मा एरवी फोनवर धबाधबा बोलते, समोरच्याला श्वास घ्यायला सवड देत नाही. त्या दिवशी पलीकडून नुसता तिचाच श्वास ऐकू येत होता. "बाई..." एवढंच म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "आक्का गेल्या. सकाळी देवाचं आवरून खुर्चीवर बसल्या व्हत्या... तशाच." बस आली, माणसं चढली, बस गेली. मी पिशवी खाली ठेवून तिथेच उभी राहिले. शांताक्का गेल्याची बातमी मला पद्माकडून कळावी, याचं पुढे कितीतरी दिवस मला नवल वाटत राहिलं. कारण एका मे महिन्यात, भर दुपारच्या उन्हात, हीच पद्मा आता जिवंत नाही असं मी मनाशी जवळजवळ धरून चालले होते, आणि माझ्या पुढे आक्का चालत होत्या.

शांता चौगुले निपाणीच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायच्या, मी मराठी. वयाने त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, म्हणून सगळ्यांच्या तशा माझ्याही आक्का. निवृत्त झाल्यावर त्या सदलग्याला माहेरच्या घरी राहायला गेल्या. घरामागे तंबाखूची वखार होती. भावांनी तो धंदा कधीच सोडला होता, वखार रिकामी पडली होती. आक्कांनी ती झाडून घेतली, कौलांत चार काचा बसवल्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत मुलांसाठी चित्रांचं शिबिर सुरू केलं. भिंतींत तंबाखूचा वास इतका मुरलेला, की पहिले दोन दिवस सगळी पोरं शिंकत चित्रं काढायची. मराठी शाळेतली यायची, कन्नड शाळेतली यायची, चिकोडीच्या इंग्रजी शाळेत बसने जाणारीही यायची. आक्का ज्याला जी भाषा येईल तीत बोलायच्या आणि अर्ध्या वाक्यात दुसऱ्या भाषेत शिरायच्या. कुणी दोन डोंगर, मध्ये सूर्य आणि खाली नदी असं चित्र काढलं की कागद हातात घेऊन विचारायच्या, "सदलग्यात डोंगूर कुठं बघितलास रं? मला बी दाव." पोरगं हसायचं, कागद उलटा करायचं आणि दारातली शेळी काढायला बसायचं. मी दरवर्षी आठ-दहा दिवस मदतीला जायचे. चित्रातलं मला काही कळत नाही. पाणी देणं, भांडणं सोडवणं, जैन घरांतली पोरं दिवस मावळायच्या आत जेवायला घरी पोचतील हे बघणं, ही माझी कामं.

पद्मा तेव्हा सातवीत होती. तिचे वडील आप्पासाहेब, बाजारपेठेत त्यांचं खताचं दुकान. माणूस कमी बोलणारा आणि बोलला की समोरच्याला गप्प करणारा. मुलीनं सुट्टीत घराबाहेर रोज इतका वेळ राहावं हे त्यांना मान्य नव्हतं. आक्का स्वतः जाऊन बोलल्या, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "नदीकडं न्यायचं न्हाई. तेवढं सांभाळा." आक्कांनी शब्द दिला.

त्या सकाळी आम्ही मुलांना घेऊन गावाबाहेरच्या एका मळ्यात गेलो. ऊन चढायच्या आत झाडं, बांध, गोठा जे दिसेल ते काढायचं, असं ठरलं होतं. बरोबर आमच्या शाळेतले देसाई सर होते. मळ्यापलीकडे ऊस आणि उसाच्या पलीकडे दूधगंगा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आम्ही नदीकडे जाणार नव्हतो, गेलोही नाही. परत वखारीत आलो, मुलं माठाभोवती गोळा झाली आणि आक्कांनी इकडे-तिकडे बघून विचारलं, "पद्मा कुठाय?" कुणी म्हणालं मागे आहे, कुणी म्हणालं पुढे आली. तिची मैत्रीण म्हणाली, "मला वाटलं ती तुमच्याबरोबर हाय, बाई." ती माझ्याकडे बघून हे म्हणाली आणि माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

देसाई सर मळ्यापर्यंत पळत जाऊन आले. नाही. मळ्यातल्या गड्यानं बांध पालथा घातला. नाही. सर घामाने निथळत वखारीच्या दारात उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "आक्का, अजून तासभर शोधू. घरी कळवायची घाई नको. पोरगी कुठंतरी चित्र काढत बसली असंल. आप्पासाहेबांना कळलं तर शिबिर तर जाईलच, गावात तोंड दाखवता येणार न्हाई." खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. आक्का चपला घालत होत्या. "त्याची पोरगी हाय, सर," त्या म्हणाल्या. "आपल्या आधी त्याला कळाय पायजे. त्यो शोधायला लागला तर चार माणसं जादा येतील. आनि आपण त्याच्यापासनं एक तास चोरायचा व्हय?" मग मला म्हणाल्या, "मंगल, चल." सरांना बाकीच्या मुलांपाशी थांबवून आम्ही निघालो.

ती वाट मी विसरणार नाही. डांबर मऊ झालेलं, पायाखाली चिकटणारं. आक्कांनी डोक्यावर पदरही घेतला नव्हता. ओळखीच्या बायका दारांतून हाका मारत होत्या, "काय आक्का, एवढ्या उन्हाचं?" आक्का कुणालाच उत्तर देत नव्हत्या. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, कसं सुरू करायचं, कुठला शब्द आधी घ्यायचा. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. आप्पासाहेब वजनकाट्याशी वाकलेले. आक्का पायरी चढल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आप्पासाहेब, पद्मा सापडंना झालीय. सकाळी मळ्यात नेली व्हती, परत आली न्हाई. माझ्या हातनं चूक झालीय. चला."

आप्पासाहेब सरळ उभे राहिले. हातातलं वजन खाली ठेवलं. मग म्हणाले, "नदीकडं नेलासा?"

"न्हाई. मळ्याकडं."

"नदी मळ्याला लागूनच हाय की, बाई."

आक्का पायरी उतरल्या. आप्पासाहेबांनी मोटारसायकल काढली, लाथ मारून सुरू केली, तर आक्का मागे जाऊन बसल्या. "उतरा," ते म्हणाले. आक्का उतरल्या नाहीत. आप्पासाहेबांनी गाडी तशीच पिटाळली. साठी ओलांडलेली बाई, एका हाताने कॅरियर घट्ट धरलेली, धुरळ्यात दिसेनाशी झाली. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाच्या टेम्पोत बसून मी मागोमाग गेले.

मी पोचले तेव्हा माणसं जमली होती. काही जण नदीवर गेले होते. मे महिन्यात दूधगंगेला पाणी थोडं, पण वाळू काढून पडलेले खड्डे खोल असतात. दोघं तिघं त्या खड्ड्यांत उतरून पायाने तळ चाचपत होते, हे मला बांधावरून दिसत होतं. त्यांतला एखादा थांबला की मी मान फिरवायचे. आप्पासाहेब काठावर उभे राहून पाण्याकडे बघत होते. मळ्यातली विहीरही बघून झाली होती. मोटेच्या काळची जुनी, मोठी विहीर, आत दगडी पायऱ्या, काठावरच्या बाभळीला सुगरणींची गेल्या पावसाळ्यातली रिकामी घरटी लोंबलेली. गड्यानं वाकून बघितलं होतं, पाणी शांत होतं, काही दिसलं नव्हतं. विहिरीवरची मोटर घरघरत होती आणि पाणी उसात चाललं होतं. आक्का त्या घरट्यांकडे बघत उभ्या होत्या. एकदम म्हणाल्या, "मोटर बंद करा. पयली ती मोटर बंद करा." गडी बटण दाबायला खोपीकडे वळला.

मोटर थांबली. आवाज पडला, आणि त्या शांततेत विहिरीतून बारीक आवाज आला. "आई..." असं काहीतरी. एकदाच. मग पुन्हा.

घरटी खालून कशी दिसतात ते बघायला पद्मा पायऱ्या उतरली होती. एक दगड निखळला, ती घसरली आणि काठाच्या पोटात असलेल्या एका कपारीवर अडकली. वरून वाकणाऱ्याला ती कपार दिसतच नव्हती. पाय मुरगळलेला, खाली काळं पाणी, आणि मोटरच्या घरघरीत तिची एकही हाक वर पोचली नव्हती. आप्पासाहेब धावत आले ते थेट पायऱ्यांवर पाय टाकणार, तोच गड्यानं त्यांना मागे ओढलं. "मालक, खालचा दगूड बी हालालाय. दोर येऊ द्या." दोर आणायला माणूस पळाला.

पद्मा रडू लागली होती. रडताना ती हलत होती, आणि ती हलली की कपारीतली माती पाण्यात पडल्याचा आवाज येत होता. आक्का काठावर पालथ्या आडव्या झाल्या, डोकं विहिरीत. "पद्मा, मी आक्का. वर बघू नको, खाली बी बघू नको. म्होरं भिंत हाय ती बघ. काय दिसतंय?"

"दगूड..."

"कुठल्या रंगाचा?"

"काळा."

"नुसता काळा? नीट बघ गं. घाई न्हाई."

मी आप्पासाहेबांकडे बघितलं. ते दोराची वाट बघत मळ्याच्या तोंडाकडे डोळे लावून होते, पण कान इकडे होते. "हिरवा बी हाय," आतून आलं. "आनि... जांभळ्यावानी."

"जांभळा कुठं? वरच्या बाजूला का खाली?"

असं चाललं. दोर येईपर्यंत आक्कांनी तिला त्या भिंतीवरून हलू दिलं नाही. दोर आला. आप्पासाहेबांनी कुणाचं ऐकलं नाही, कमरेला दोर बांधून तेच उतरले. वर आले तेव्हा मुलगी पाठीवर होती. तिला खाली ठेवून त्यांनी हात उगारला. तो हात तसाच तिच्या डोक्यावर आला आणि ते तिथेच मातीत बसले. थोड्या वेळाने आक्कांकडे न बघता म्हणाले, "उद्यापासनं हे बंद."

"व्हय," आक्का म्हणाल्या. त्यांच्या लुगड्याला पुढून सगळा चिखल लागला होता.

त्याच संध्याकाळी त्या शिबिरातल्या प्रत्येक मुलाच्या घरी गेल्या आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. काही ठिकाणी लोक नको ते बोलले. एका घरात तर मी मध्ये पडणार होते, आक्कांनी माझा हात दाबला. पुढच्या मेमध्ये त्यांनी वखार झाडली, काचा पुसल्या, माठ भरला आणि दार उघडून बसल्या. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "आक्का, सोडा आता," मी म्हणाले, "निपाणीला माझ्याकडे चला चार दिवस." त्या म्हणाल्या, "उघडं तरी ठेवतो. बंद दार बघून कोण कसं येईल?"

सुट्टी संपत आली असताना एका सकाळी मोटारसायकल थांबली. आप्पासाहेब आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. मागे पद्मा. "खरं सांगा, बाई," ते म्हणाले. "त्या दिशी ही मिळाली नसती तर?"

मला वाटलं आक्का काहीतरी समजुतीचं बोलतील. त्या म्हणाल्या, "तर मी तुमच्या दारात येऊन बसलो असतो. जलमभर. तुम्ही हाकललं असतं तरी."

आप्पासाहेबांनी पद्माच्या पाठीवर हात ठेवून तिला उंबऱ्याच्या आत ढकललं. "दिवस मावळायच्या आत न्यायला येतो," म्हणाले आणि गेले. त्यांच्या मागून, एकेक करत, बाकीची पोरं आली.

यंदा आक्का नाहीत. शिबिर पद्मानं घेतलं, बेळगावच्या शाळेतली नोकरी सांभाळून. मी नको नको म्हणत होते, तरी गेलेच. बाहेर चित्रं काढून परत आल्यावर आक्का मुलांना कधी ओळीत उभं करून मोजायच्या नाहीत. विहिरीच्या त्या प्रसंगानंतर त्यांची एक रीत पडली होती. वखारीच्या दारात उभं राहून एकेकाला नावाने बोलवायचं, डोक्याला हात लावायचा आणि मगच आत सोडायचं. परवा पद्मा तशीच दारात उभी होती. एकेक पोर हाताखालून आत जात होतं. एक नाव घेतलं, उत्तर नाही. पुन्हा घेतलं. माझा हात आपोआप दाराच्या चौकटीवर गेला. पद्मा दोन पावलं बाहेर आली. तेवढ्यात परसाकडून एक पोरगं चड्डीची नाडी बांधत पळत आलं, "व्हय बाई, हाय की!" सगळी हसली. पद्मा हसली नाही. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. तोही बिचारा, नाडी हातात धरून, मुकाट उभा राहिला.