चिंगीची ओढणी

रस्त्यावरून उचलून आणलेल्या चिंगी या कुत्रीला कायमचं घर मिळेपर्यंत मी सांभाळत होते. मी बाहेर निघाले की ती दाराशी बसून केकाटायची. म्हणून निघताना माझी जुनी ओढणी तिच्या पुढ्यात टाकायची आणि तासाभरात परतायचं, असं सुरू केलं. महिनाभरात ती शिकली, ओढणी आहे म्हणजे बाई येणार. कुणाला विश्वास ठेवायला शिकवणं केवढं पुण्याचं काम, असं मला वाटायचं. फसवायच्या आधीही हेच करावं लागतं, हे सुचलं नव्हतं.

काल तिला नव्या घरी पोहोचवलं. निघताना तीच ओढणी पुढ्यात टाकली. चिंगीनं तिच्यावर हनुवटी टेकली आणि निवांत डोळे मिटले.

“किती शहाणी आहे हो! रडलीसुद्धा नाही,” नव्या मालकीणबाई म्हणाल्या.

“मीच सवय लावलीय,” मी म्हटलं आणि चपला घातल्या.