शाळूचा उपास

चंदगडच्या स्टँडवर आम्ही गाडीची वाट पाहत उभे होतो, तेव्हा माझी मुलगी प्राजू तीन वर्षांची होती आणि सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, कडेवर झोपली होती. एक पत्र्याची पेटी, दोन पिशव्या, गुंडाळलेलं अंथरूण, एवढाच संसार. आई डेअरीला दूध घालून परस्पर धावत आली होती, रिकामी किटली हातात तशीच. वडील गेल्यापासून ती आणि तिची म्हैस, दोघीच घरी. कोल्हापूरची गाडी लागली तशी ती म्हणाली, "तिथं काय खाशीला रे तुमी?"

मी ऐटीत म्हणालो, "तिथं रोज चपाती असती, आये."

"मग बरं हाय की," ती हसली. "पोरगी गोरी तरी व्हईल."

आमच्या बाजूला पावसाचा मुलूख. भात आणि नाचणा पिकतो, तेच खायचं. चपाती सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. शाळेत असताना मास्तरांच्या डब्यातली चपाती पाहून मी ठरवलं होतं की माझ्या पोरांना नाचण्याची काळी भाकरी बघायला लागू नये. माझी सगळी महत्त्वाकांक्षा ती एवढीच होती. उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर काम मिळालं, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि पहिल्या आठवड्यातच मी सुनंदाला सांगितलं, डब्यात भाकरी द्यायची नाही. चहाबरोबर चपाती, दुधात बिस्किटं, रविवारी पावाबरोबर मिसळ. आपण माणसांत आलो असं मला वाटायचं.

चार वर्षांत प्राजूचं पोट नगाऱ्यासारखं झालं आणि हातपाय काड्या. सारखे जुलाब. वर्गात उंचीप्रमाणे बसवायचे, ती कायम पहिल्या बाकावर. कुणी जंत म्हणालं, कुणी दृष्ट. जोतिबाला नवस झाला, तीन डॉक्टर झाले. चौथ्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला, आणि रिपोर्ट समोर ठेवून शांतपणे सांगितलं, "हिला सिलिअॅक आहे. गहू सोसत नाही. याला गोळी नाही, गहू बंद हेच औषध. जन्मभर. कणसुद्धा पोटात जाता कामा नये."

सुनंदा रडली नाही. तिनं विचारलं, "मग तांदूळ चालंल? नाचणा?"

"उत्तम. ज्वारी, बाजरी सगळं चालेल. फक्त त्यात गहू मिसळलेला नको."

जे अन्न सोडून आलो म्हणून मी मिरवत होतो, तेच आता तिचं औषध ठरलं होतं. दुकानात बिनगव्हाच्या पिठाची तयार पाकिटं मिळायची, पण एका पाकिटाच्या पैशात आमची आठवड्याची भाजी आली असती. दोन स्वयंपाक परवडणार नव्हते, म्हणून आम्हीही गहू सोडला. रेशनवर मिळणारा गहू सुनंदा शेजारणीला देऊन तिचा तांदूळ घ्यायची. शेवया, रवा, पाव बंद. डब्यातल्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ असतं, हे कळल्यावर फोडणीतून हिंग गेला. लग्नाकार्यात प्राजू पंगतीत स्वतःचा डबा उघडून बसायची आणि मी लोकांना सांगायचो, "पोट बिघडलंय जरा." खरं कधी सांगितलं नाही. मुलीच्या जातीला जन्मभराचा आजार आहे असं एकदा कानोकानी झालं की पुढं तिचं लग्न कसं व्हायचं, ही भीती. सुनंदालाही मी बजावलं होतं, कुणाजवळ बोलायचं नाही.

आईला मात्र फोनवर सगळं सांगितलं. गावच्या गिरणीत गहूही दळतात, म्हणून तिनं माळ्यावरचं जुनं जातं खाली काढलं, गरम पाण्यानं धुतलं, आणि पहाटे उठून स्वतः नाचणा दळायला लागली. दर पंधरा दिवसांनी गाडीच्या कंडक्टरकडं पिठाची पिशवी यायची. मी ती स्टँडवर जाऊन घ्यायचो. पिशवीचं तोंड तिनं सुईदोऱ्यानं शिवलेलं असायचं, वाटेत दुसरं काही पडू नये म्हणून. प्राजूला रंग आला. वर्षभरात ती दुसऱ्या बाकावर गेली, आणि तिनं घरी येऊन ते असं सांगितलं जसा काही तिचा पहिला नंबर आला होता.

दुसऱ्या वर्षी पावसानं मुक्कामच ठोकला. घाटातला रस्ता बंद, गाड्या बंद, आलेलं पीठही ओल धरायचं. मग मी इथंच शाळू घेतला, म्हणजे आमची ज्वारी, आणि कोपऱ्यावरच्या गिरणीत गेलो. सकाळी, गिरणी उघडताच, झाडून पुसून पहिला घाणा आपला घ्यायचा असं ठरवलं होतं. पण गिरणीवाला आधीच दोन गव्हाचे डबे दळून मोकळा झाला होता. बायकांची रांग होती. गिरणी थांबवून साफ करायची तर कारण सांगायला हवं. मी म्हणालो, "जरा पुसून घ्या मालक. उपासाचं दळण हाय."

त्यानं डब्याचं झाकण काढलं. आत बघितलं. मग माझ्याकडं.

"आवं पावणं, शाळूचा उपास कवापास्नं निघाला?"

रांग हसली. एक बाई म्हणाली, "नवसाचा आसंल वो. देव बी आता भाकरी मागाय लागला."

"कुठला देव त्यो? आमाला बी सांगा, आमी बी धरतो उपास," दुसरी म्हणाली, "मटणासंगं!"

मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. एवढंच म्हणायचं होतं, माझी मुलगी आजारी आहे, तिला गहू चालत नाही. ती माणसं वाईट नव्हती. गिरणीवाल्यानं रोज पहिला घाणा माझ्यासाठी ठेवला असता. पण त्या रांगेत आमच्या गल्लीतल्या तिघी होत्या. मी म्हणालो, "तसंच दळा, चेष्टा केली." आणि गव्हाच्या मागोमाग माझा शाळू पाटीत पडला.

घरी सुनंदानं विचारलं, "पहिला घाणा मिळाला?"

"मिळाला," मी म्हणालो.

त्यानंतर मी रांगेतच उभा राहायचो. कारखान्यात शिफ्ट बदलली होती, पहाटे जाणं जमत नव्हतं, ही कारणं होतीच. पिठाची धूळ ती केवढी, तिनं काय होतंय, असंही मनाला सांगायचो. पाऊस ओसरला, आईचं पीठ परत सुरू झालं, तरी ते पुरायचं नाही आणि वरचं मी गिरणीतून आणत राहिलो. दिवाळीच्या सुमारास प्राजू पुन्हा खंगली. तपासणीचे आकडे वर गेले. डॉक्टरबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "घरात कुठून तरी गहू येतोय. शोधा."

सुनंदानं स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. डबे उन्हात टाकले, पोळपाट जाळला. मग माझ्यासमोर बसून म्हणाली, "माझ्या हातून काय ऱ्हायलं, सांगा की हो."

त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. मी बोललो ते हे: "आई घालत असेल."

सुचलं कसं तेही सांगतो. पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना तुटते. आमच्याकडच्या बाया मग त्यात मूठभर गव्हाचं पीठ घालतात. लहानपणी आईला तसं करताना मी पाहिलं होतं. म्हणजे आरोप अगदी पटण्यासारखा होता. सुनंदानं डोळ्यांत डोळे घालून विचारू नये म्हणून मी तिच्यासमोरच फोन लावला आणि आवाज चढवला. "पिठात गहू घालतीस का तू? पोरगी मरंल माझी तुझ्या हातानं!"

तिकडून आई म्हणाली, "न्हाय रे बाळा. देवाशपथ न्हाय."

"मग आला कुठनं?"

तशी ती म्हणाली, "आसंल बाबा. म्हातारीचा हात हाय, चुकला आसंल. न्हाय धाडत मी आता."

फोन करताना मला माहीत होतं की तिचं काही चुकलेलं नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

मी ओव्हरटाइम केला, हप्त्यावर घरघंटी घेतली, घरीच दळायला लागलो. प्राजू तीन-चार महिन्यांत सुधारली. आणि तेच आईविरुद्ध पुरावा ठरलं. तिचं पीठ बंद झालं आणि पोर बरी झाली. आता कुणी काय बोलणार? सुनंदा तिला कधी वावगं बोलली नाही, पण गावी जाताना प्राजूचं पीठ, तवा, परात सगळं बांधून न्यायला लागली. आई आम्ही आलो की स्वतःच्या घरात उंबऱ्याच्या बाहेर बसायची. "तूच कर गं बाई," सुनंदाला म्हणायची. "माझा हात नको." नात जवळ आली तर आधी हात धुवायची. काजू भाजून द्यायची तेही टरफलासकट पुढं ठेवायची, तू सोल म्हणून. आठ वर्षं हे चाललं आणि मी सोप्यावर बसून चहा पीत राहिलो.

गाव सोडून आलेल्या माझ्यासारख्यांना आणि मागं राहिलेल्यांना सांगायचं ते हे. आपण म्हणतो, लांब राहिल्यामुळं माणसं दुरावली. माझ्या बाबतीत तसं नाही. रस्ता चार तासांचा होता आणि गाड्या होत्या. तिला दूर मी ठेवलं.

प्राजू आता सतरा वर्षांची आहे. उंच झाली आहे, सुनंदापेक्षाही बोटभर. जूनमध्ये पुण्याला शिकायला जाईल, हॉस्टेलचं जेवण तिचं तीच बघणार. माझ्यापेक्षा धीट आहे, कुणालाही सरळ सांगते की मला गहू चालत नाही. जाण्याआधी महिनाभर आजीकडं राहते म्हणाली. आईनं फोनवर नको म्हणून सांगितलं. "माझ्या घरात तिला कायतरी बाधलं म्हंजे?" प्राजूनं फोन ठेवला आणि मला विचारलं, "बाबा, आजीला मी आवडत नाही का?"

मी तिला घेऊन दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गावी गेलो. आई अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. प्राजू विहिरीकडं गेली तेवढ्यात मी सांगितलं. गिरणी, रांग, खोटा उपास, फोन. आईचा हात बियांवरून फिरत होता, तो थांबला नाही.

"म्हंजे माझं पीठ चांगलं हुतं?" तिनं विचारलं.

"चांगलं होतं."

"दर बारीला?"

"दर बारीला, आये."

तिनं हात झटकले. "जातं मी गोठ्याच्या पायरीला लावलं," ती म्हणाली. "इखाचं जातं म्हणून. आठ वरसं त्येच्यावर पाय देऊन म्हशीकडं जाते मी." मग माझ्याकडं बघून, आवाज न वाढवता, "ती आठ वरसं आणून दे मला."

मी तिचे पाय धरले. तिनं ते सोडवून घेतले आणि विहिरीकडं तोंड करून हाक मारली, "प्राजे! चल आत. भुका लागल्या आसतील."

त्या दिवशी आई कितीतरी वर्षांनी नातीसाठी चुलीसमोर बसली. पीठ आम्ही घरून आणलेलं होतं. हात आता थरथरतात, भाकरी थापताना दोनदा फाटली. प्राजू म्हणाली, "तुटू दे की आजी, तुकडे तर तुकडे." आईनं ते तुकडे भाजले, दूध घालून कुस्करले, आणि सतरा वर्षांच्या पोरीला पहिला घास हातानं भरवला. दोघी काय काय बोलत होत्या. मी दाराशी उभा होतो. बऱ्याच वेळानं आईचं लक्ष गेलं.

"तुझं तू वाढून घे," ती म्हणाली.

आमच्या घरात पुरुषानं कधी स्वतः वाढून घेतलेलं नाही. कितीही रागावली तरी ताट आईच मांडायची. वडिलांशी महिनाभर अबोला होता, तेव्हाही. मी आत गेलो तर भांडी कुठं असतात तेही मला ठाऊक नव्हतं. प्राजूनं बोटानं फळी दाखवली.

सुट्टीभर प्राजू तिथंच आहे. मी दर रविवारी जातो. लोक विचारतात, इतकी वर्षं कोल्हापुरात काढली, आता घर कुठलं? जिथं आपल्याला कुणीतरी वाढतं ते, असं मी म्हणेन. माझ्या मुलीला ते मिळालं आहे, आणि ते आधीपासूनच तिचं होतं. मी जातो, पाय धुतो, फळीवरचं ताट काढतो आणि भात वाढून घेऊन त्या दोघींपासून थोडा लांब बसतो. आई अजून माझ्या ताटाकडं बघत नाही. जेवण झाल्यावर ताट मीच धुतो आणि होतं तिथं ठेवतो.